माती कुठं टाकायची

"माती कुठं टाकायची, साहेब?"

लॉनवाल्या प्रसेनजीतनं हे विचारलं तेव्हा सयाजी मागच्या दारातल्या बेसिनपाशी दाढी करत होता. अर्धा गाल झाला होता, अर्ध्यावर फेस होता. प्रश्न साधा होता. परसात प्लॅस्टिकचं लॉन घालायचं तर आधी खालची माती काढायला हवी, आणि काढलेली माती कुठंतरी टाकायला हवी. यात न कळण्यासारखं काही नव्हतं. तरी सयाजीचा हात थांबला. आरशात त्याला स्वतःचा चेहरा दिसत होता आणि खांद्यावरून मागं परसाचा तुकडा: कंपाउंडची भिंत, तिला गेलेली तिरकी भेग, धुण्याचा दगड, दगडापलीकडचा कोपरा आणि त्या कोपऱ्यात भिंतीच्या सावलीला आडवा पडलेला कुत्रा, ऑस्कर. काय सांगावं याची तो जुळवाजुळव करतोय तोवर स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याची बायको क्रांतीच बोलली, "न्या की वीटभट्टीला. हितं ठेवून काय करायचंय?" मागोमाग कुकरची शिट्टी झाली. प्रसेनजीत "बरं वहिनी" म्हणून वळलासुद्धा. सयाजी रेझर धरून तसाच उभा राहिला. त्या कोपऱ्यातल्या मातीत त्याच्या आईची रक्षा होती. महापुराच्या आदल्या हिवाळ्यात, आई गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी, त्यानं आणि क्रांतीनं मिळून ती तिथं घातली होती. त्यानं गाडग्यातनं सोडली आणि क्रांतीनं दोन्ही हातांनी मातीत कालवली, भाकरीचं पीठ कालवावं तशी. आणि आता तीच बाई खिडकीतून सांगत होती, न्या की भट्टीला.

त्यानं उरलेला गाल उरकला. कापलं नाही कुठं. तोंड धुताना पहिला विचार आला तो हा, की ही विसरली. दुसरा आला तो असा, की ही विसरणारी बाई नव्हे. क्रांती शाळेत भूगोल शिकवायची. वीस वर्षांपूर्वीच्या पोरांची नावं तिला बापाच्या नावासकट पाठ होती. लग्नात सयाजीच्या आत्यानं तिच्या काळ्या रंगावरून काय टोमणा मारला होता तो तिला शब्दाशब्दानं येत होता, आणि तो टोमणा ऐकून सयाजी गप्प बसला होता हेही तिला येत होतं. अशी बाई सासूची रक्षा कुठं घातली हे विसरते? मग नाही विसरली म्हणावं तर जाणूनबुजून बोलली, असं होतं. यातलं काय जास्त वाईट ते त्याला ठरवता येईना. चहाचा कप द्यायला ती बाहेर आली तेव्हा त्यानं तिच्या तोंडाकडे बघायचं टाळलं आणि हाताकडे बघितलं. नखांत काळी माती होती. सकाळी उठल्या उठल्या कुंड्यांत हात घालायची तिची सवय होती, त्यामुळे त्यानं काही मनावर घेतलं नाही. "काय बोलायचंय का?" तिनं विचारलं. "काय न्हाय," तो म्हणाला. ती आत गेली. आणि सयाजीनं तिथंच ठरवून टाकलं, की आपण सांगायचं नाही. तिला आठवू दे. आपणहून आठवू दे. पहिली पाटी उचलायच्या आत आठवलं तर सगळं माफ. आपण मोठ्या मनाचे आहोत असं त्याला या ठरावानंतर थोडा वेळ वाटलंही.

गडी कामाला लागले. पहिला टिकाव पडला त्याचा आवाज अगदी बद्द आला, कणकेत बोट घुसावं तसा. आवाज ओळखीचा होता. ही माती इथली नव्हतीच मुळी. कोल्हापूरच्या या टोकाला सगळा मुरूम. घर बांधायला एक नंबर, लावायला मात्र कपाळ. कुरुंदवाडची जमीन विकून हा बंगला बांधला तेव्हा आई, बाळाबाई, सगळ्याला हो म्हणाली होती. फक्त एक अट घातली होती. "खरेदीखत व्हायच्या आत माझी माती आणून टाका परसात. मुरमात बसून मी काय खडं मोजू व्हय?" आर्किटेक्ट नको म्हणाला, गवंडी नको म्हणाला, ही काळी माती भिंत सोडत नसते म्हणाला. आईनं कुणाचं ऐकलं नाही. कृष्णाकाठची माती ट्रॉलीतून कोल्हापुरात आली, ओलीकच्च, आणि बाळाबाई ट्रॉलीवर डोक्याला पदर घट्ट बांधून बसून आली. गल्लीतली माणसं बघत राहिली. तिनं वांगी लावली, मिरच्या लावल्या, आणि वांगी अशी आली की क्रांतीच्या शाळेतल्या बाया डबे उघडायच्या आधी विचारायच्या, आज सासूबाईंची वांगी हायत का. ते सगळं खरं. पण पावसाळा लागला की ती माती पायाला डकायची ती डकायचीच. एका पायाला शेरभर, दुसऱ्याला शेरभर. उन्हाळ्यात भेगा अशा पडायच्या की आईचा चष्मा एकदा आत गेला तो सापडला नाही. तिसऱ्या वर्षी भिंतीला तडा गेला. आणि घरातली पांढरी फरशी तर काय, आई येऊन गेली की मागं काळ्या पावलांची रांग. क्रांती पुसायची, आई उमटवायची. तोंडानं कुणी कुणाला काही म्हणत नव्हतं. फडकं पिळल्याचा आवाज तेवढा मोठा यायचा. सयाजी त्या दोघींच्या मधे पेपर उघडून बसायचा. दूध संघाच्या प्रयोगशाळेत दिवसभर फॅट बघायचं आणि घरी येऊन पेपर बघायचा, ही त्याची तऱ्हा. तोंडात मिठाची गुळणी धरली की घर शांत राहतं असं त्याला मनापासून वाटायचं.

ऑस्कर उठला, खड्ड्याच्या कडेला जाऊन वास घेतला आणि एका गड्यानं हाड म्हटल्यावर लंगडत परत कोपऱ्यात आला. हा कुत्रा श्रुतीचा. लेक पुण्याला नोकरीला गेली आणि कुत्रा मागं ठेवून गेली. पिल्लू आलं तेव्हा आई होती. तिला ऑस्कर म्हणता यायचं नाही, ती वास्कर म्हणायची, आणि कुणी हसलं की म्हणायची, "वास्कर आडनावाची माणसं न्हाईत व्हय? मग कुत्र्याला काय हुतंय?" दुपारी धुण्याच्या दगडावर बसून ती त्याला भाकरी कुस्करून घालायची. या लॉनचं सगळं त्याच्यापायी निघालं होतं. गेल्या पावसाळ्यात त्याच्या पायाच्या बोटांमध्ये चिखल बसला, वाळून दगड झाला, कातडी सोलली. उन्हाळा आला तरी जखमा बऱ्या होईनात. डॉक्टर म्हणाले, कोरड्यात ठेवा, नाहीतर एक पाय जाईल. श्रुती फोनवर रडली. तिनंच कुणाकडून तरी प्रसेनजीतचं नाव काढलं. हुपरीचा पोरगा, डिप्लोमा करून हॉटेलांची अंगणं हिरवी करत फिरतो. तो आला, त्यानं मूठभर माती हातात दाबली, तिचा गोळा झाला तो दाखवला आणि म्हणाला, "हिच्यावर काय बी टिकत न्हाय साहेब. पावसाळ्यात फुगतीया, उन्हाळ्यात आत बसतीया. वर गालिचा टाकला तर म्हैनाभरात उंटाच्या पाठीगत हुईल. ही काढायची, खाली खडी दाबायची, वर दगडाची भुकटी, उतार, पायप. मग गवत. त्याच्या बुडाला भोकं अस्त्यात, कुत्र्यानं काय बी केलं तरी खाली निचरा. वरनं पाणी मारलं की झालं." सगळ्यांनी माना हलवल्या होत्या. सयाजीनंही हलवली होती. ही काढायची, हे त्यानं कानांनी ऐकलं होतं आणि तरी त्या वेळी त्याला कोपरा आठवला नव्हता. कुत्र्याचा पाय डोळ्यांपुढं होता. आठवलं ते आज, अर्धी दाढी झाल्यावर. हे त्यानं स्वतःशी कबूल केलं आणि लगेच बाजूला सारलं, कारण ते कबूल केलं तर क्रांतीवर रागावता येत नव्हतं.

दारापासून सुरुवात झाली होती आणि काम कोपऱ्याकडे सरकत होतं. पाट्या भरून फाटकाकडे जात होत्या. सयाजी खुर्ची टाकून बसला. क्रांती मधेमधे बाहेर येत होती. कधी गड्यांना पाणी, कधी नुसतीच. एकदा ती त्याच्या खुर्चीमागं येऊन उभी राहिली. "आत्यांची मिरची हितं होती, न्हाई?" ती म्हणाली. सासूला ती आत्याच म्हणायची. "व्हय," तो म्हणाला. आता. आता आठवेल. मिरचीवरून वांग्यावर, वांग्यावरून कोपऱ्यावर, किती लांब आहे? ती म्हणाली, "बराच वेळ बसलायसा. काय मनात हाय का?" "मनात काय असणार?" तो म्हणाला, आणि आवाज नको तेवढा चढला. ती वळून घरात गेली. त्याला वाटलं, बघा, एवढं तोंडाशी आलं होतं हिच्या आणि गेलं. बाईचं मनच नव्हतं त्यात. पुसायची फरशी कमी झाली म्हणून खूश असेल.

आणि हे मनात आलं तसं दुसरंही आलं, नको असताना. आईचे शेवटचे महिने. आईला उठवत नव्हतं. तिचं हगणं-मुतणं, अंग पुसणं, पाठीच्या जखमेला पावडर, हे सगळं क्रांतीनं शाळा सांभाळून केलं होतं. तो दारात उभा राहून विचारायचा, काय लागलं तर सांग. तिनं कधी सांगितलं नाही. एका सकाळी आई त्याला जवळ बोलावून म्हणाली, "मला नदीत टाकू नगंस. पंचगंगेत मासं मरून वर याय लागल्यात. त्या काळ्या पाण्यात माझा जीव घुसमटंल. हितं माझी माती हाय की, तितंच टाक." तो बरं म्हणाला. पण भाऊबंद जमले तेव्हा त्याचं बरं घशातच राहिलं. रक्षा सावडून झाली, चुलता म्हणाला चला घाटावर, आणि सयाजी गाडगं घेऊन चालायलाही लागला. क्रांती पुढं आली. सगळ्या बाप्यांच्या देखत ती म्हणाली, "आत्यांनी परसात सांगितलंय. त्यांचं सांगणं मोडायचं न्हाई." चुलत्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण आजकाल लोक रानात घालतातच, झाड लावतात, म्हणून कुणी फार बोललं नाही. त्यांनी वर आंब्याचं रोप लावलं. पुढच्याच पावसाळ्यात, महापुराच्या त्या वर्षी, काळ्या मातीनं पाणी धरून ठेवलं आणि रोप बुडातून कुजलं. सयाजीनं ते एका बोटानं उपटलं. नवं लावू, म्हणाला. लावलं नाही. खूण म्हणून उरला तो कोपरा आणि त्यात झोपणारा कुत्रा.

दुपार कलली तेव्हा टिकाव कोपऱ्यात पोचला. ऑस्करला उठवायला लागलं. तो उठेना, मग क्रांती आली, त्याला गळपट्ट्याला धरून आत घेऊन गेली. सयाजी खुर्चीवरून उठला. पहिला घाव पडला. त्याला वाटलं होतं काहीतरी दिसेल, राखट रंग, निदान एखादा पांढरा कण. काही दिसलं नाही. माती सगळीकडे सारखीच काळी होती. कोपऱ्यात तर जरा भुसभुशीतच लागली, टिकाव सहज आत गेला. पाट्या भरल्या. ट्रॉली भरली. आकाराम म्हणून ट्रॅक्टरवाला होता, त्यानं हाक दिली. क्रांती दारात येऊन उभी राहिली, पदराला हात पुसत. तिनं सयाजीकडे बघितलं, सरळ, बराच वेळ. "जाऊ दे का ट्रॉली?" तिनं विचारलं. त्याला पुढं कितीतरी वेळा हे आठवणार होतं, की तिनं आकारामला नाही, त्याला विचारलं. त्या वेळी त्याच्या डोक्यात एवढंच होतं, की बघा, आता तर मलाच विचारतीय, म्हणजे सगळं माझ्या तोंडून वदवून घ्यायचं. सुंभ जळतो, पीळ जात नाही, तसलं काहीतरी त्याच्या अंगात ताठ उभं राहिलं. "जाऊ दे की," तो म्हणाला. ट्रॅक्टर धडधडत गेला. गल्लीच्या वळणावर ट्रॉलीतून एक ढेकूळ पडलं आणि मागून येणाऱ्या रिक्षानं ते चिरडलं.

ती रात्र त्यानं कशीबशी काढली. दुसऱ्या दिवशी खडी आली, रोलर आला, सगळं घर थरथरत होतं. क्रांती त्याच्याशी कामापुरतं बोलत होती. त्याला वाटत होतं रागावायचा हक्क आपला, आणि गप्प हीच कशी? संध्याकाळी भाजी आणतो म्हणून तो स्कूटर घेऊन निघाला आणि भाजी मंडई सोडून नदीकडच्या भट्ट्यांच्या रस्त्याला लागला. का ते त्याला सांगता आलं नसतं. एक पाटी तरी परत आणावी. पिशवीत बसेल एवढी तरी. आकाराम तिथंच भेटला, विडी ओढत. "या पावणं, काय वाट चुकलासा?" सयाजीनं विचारलं, कालची माती कुठाय. आकारामनं हात केला. खड्ड्यात पाणी सोडलं होतं आणि दोन माणसं गुडघाभर चिखल तुडवत होती. तिसरा पाटीनं वरून काहीतरी ओतत होता, करडं, हलकं, वाऱ्यावर उडणारं. "ते काय टाकतोय?" सयाजीनं विचारलं. "राख," आकाराम म्हणाला. "काळ्या मातीत राख घालायलाच लागती. न्हायतर वीट तडकती. तुमची माती झ्याक हाय, कुठली म्हणायची?" "कुरुंदवाडची," सयाजी म्हणाला. मागं वाळत घातलेल्या कच्च्या विटांच्या रांगा होत्या. उतरत्या उन्हात सगळ्या सारख्या. यातली कालची कुठली आणि परवाची कुठली, हे विचारायला त्याचं तोंड उघडलं नाही. अंगावर राखेचा वास घेऊन तो घरी आला. पिशवी मोकळी होती. क्रांतीनं पिशवीकडे बघितलं, शर्टकडे बघितलं, आणि घरात होते तेच बटाटे चिरायला घेतले.

तिसऱ्या दिवशी गवत आलं. हिरव्या गुंडाळ्या खांद्यावरून उतरल्या, खाली काळं कापड अंथरलं गेलं, कडा कापल्या, सांधे चिकटवले. प्रसेनजीत गुडघ्यावर बसून सांध्यावरून हात फिरवत होता. "बघा साहेब, कुठं जोडलंय सापडतंय का?" खरंच सापडत नव्हतं. भिंतीपासून भिंतीपर्यंत सपाट, एकसारखं हिरवं. कोपरासुद्धा. गडी गेले, प्रसेनजीत चहा पिऊन गेला. क्रांती दोन कप घेऊन बाहेर आली आणि अनवाणी त्या गवतावर उभी राहिली. "छान झालं की," ती म्हणाली. सयाजी या वाक्याची तीन दिवस वाट बघत होता. हेच किंवा असलंच काहीतरी ती बोलेल आणि मग आपण सांगायचं, हे त्यानं घोळवून घोळवून तयार ठेवलं होतं. आवाज कसा असावा तेही ठरलेलं होतं, हलका, दुखावलेला. तो म्हणाला, "त्यात आईची रक्षा होती."

तो तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. चेहरा पडायला हवा होता. हातातला कप निदान हलायला हवा होता. क्रांतीनं कप धुण्याच्या दगडावर ठेवला.

"त्यात न्हवती," ती म्हणाली. "परवा पहाटे, गडी यायच्या आधी मी कोपरा उकरला. घमेलंभर माती काढून ठेवली. तुम्ही झोपला होतासा."

आधी त्याला बरं वाटलं. आई भट्टीत नव्हती. ती तुडवली गेली नव्हती. त्याला रडू येईल असं वाटलं, आणि क्रांतीच्या हाताला हात लावावा असंही वाटलं. नखांतली ती माती. तो एक पाऊल पुढं झाला तशी ती मागं सरकली.

"मला वाटलं, तुम्ही विसरलासा," ती म्हणाली. आवाज शांत होता, वर्गात बोलावं तसा. "म्हटलं, बघू, आठवतंय का. भट्टीला न्या म्हटलं तेव्हा वाटलं, आता आडवतील. आडवलं न्हाईसा. मग येऊन मिरचीचं काढलं. काय मनात हाय का इचारलं. शेवटी ट्रॉलीपाशी इचारलं, जाऊ दे का. जाऊ दे म्हणालासा. मग म्हटलं, ठीक हाय. माणूस विसरतंय. एवढी वर्षं झाली. काम उरकलं की सांगीन, पोटाशी धरीन, म्हणीन काय काळजी करू नगा, मी ठेवलीय. आणि काल शर्टला राखेचा वास आला, भट्टीवरचा. तेव्हा कळलं, तुम्हाला म्हाईत होतं."

"मी म्हटलं, तुला आठवंल," सयाजी म्हणाला.

"आणि मला न्हाई आठवलं असतं तर?"

उत्तर त्यानं काल संध्याकाळी बघितलं होतं, रांगेनं वाळत घातलेलं.

"आईपरास मला खोटं पाडायचं जास्त होतं व्हय तुम्हाला?" ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण तिनं ते पुसले नाहीत. "जाऊ दिलीसा. बघत उभं राहून जाऊ दिलीसा."

"कुठं ठेवलीयस?" त्यानं विचारलं.

"हाय."

"कुठं हाय, क्रांती?"

"हाय म्हटलं की. तुम्हाला सांगून परत गप बसून घालवायची व्हय?"

ती दारात गेली. ऑस्कर उंबऱ्यावर उभा राहून नव्या गवताकडे संशयानं बघत होता. मग उतरला, वास घेत घेत कोपऱ्यापर्यंत गेला, तिथं गोल फिरला, बसला नाही, आणि परत आला. क्रांतीनं सवयीनं दारामागचं फडकं उचललं, खाली बसली, त्याचा पुढचा पाय हातात घेतला. पाय कोरडा होता, स्वच्छ होता. दुसरा उचलून बघितला. तोही तसाच. कुत्रा तिच्या हातातून सुटून पांढऱ्या फरशीवरून आत चालत गेला आणि मागं एकही पाऊल उमटलं नाही. ती थोडा वेळ त्या फरशीकडे बघत बसली. मग फडकं उंबऱ्यावर टाकून आत गेली. सयाजी हिरव्या गवतावरून दारापर्यंत आला. त्यानं त्या फडक्यावर पाय पुसले, एक, मग दुसरा, मग परत पहिला. आत गेला नाही.